वाचकांचे प्रश्न : जुन्या इमारतीच्या खिडक्या काढायच्या की ठेवायच्या?

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी नागपूरच्या महाल भागातल्या एका ट्रस्टचा सचिव आहे, आमची 1920 च्या आसपासची दगडी इमारत आहे, खाली सभागृह आणि वर वाचनालय, शहराच्या हेरिटेज यादीत ग्रेड दोनमध्ये नाव आहे. खिडक्या सगळ्या सागवानी, वर अर्धगोल कमान, कमानीत छोटी छोटी तावदानं. आता बऱ्याच खिडक्या खालून सडल्या, पावसाळ्यात झडपा लागत नाहीत आणि मे महिन्यात फटीतून अशी लू येते की अभ्यासाला बसणारी पोरं दुपारी उठून जातात. एका दात्याने पैसे देतो म्हटलं आणि कमिटीने सगळ्या खिडक्या काढून युपीव्हीसी (कडक प्लास्टिकच्या) स्लायडिंग लावायचा ठराव करून टाकला. फॅब्रिकेटर मापं पण घेऊन गेला, म्हणतो लाकडासारख्या रंगात येतं, कोणाला कळणार पण नाही. मला काही पटून नाही राहिलं बाप्पा, पण मीटिंगमध्ये बोलायला माझ्याकडे मुद्दे नाहीत. आणि कूलर कुठे बसवायचे तेही सांगा.

उत्तर : काका, सगळ्यात आधी फॅब्रिकेटरला द्यायचा ॲडव्हान्स थांबवा. ठराव रद्द करायची गरज नाही, फक्त "हेरिटेज कमिटीची परवानगी येईपर्यंत काम सुरू करू नये" एवढी ओळ त्यात जोडून घ्या, कारण ग्रेड दोन म्हणजे आतमध्ये गरजेप्रमाणे काही बदल करता येतात पण बाहेरून इमारत दिसते तशीच राहिली पाहिजे, आणि खिडकी ही बाहेरून दिसणारी पहिली गोष्ट आहे. तुमचा ग्रेड दोन-अ आहे की दोन-ब ते यादीत बघून घ्या. महापालिकेच्या नगररचना विभागात विचारा, प्रकरण हेरिटेज कमिटीकडे कसं जातं ते तिथे सांगतील. नुसती दुरुस्ती करणार असलात तरी पत्र देऊन ठेवा, उद्या कोणी तक्रार केली तर ते पत्र कामी येतं.

आता मुद्दे. "कोणाला कळणार नाही" हे मला अजिबात मान्य नाही. तुम्ही रस्त्याच्या पलीकडे उभे राहून बघा, खिडकी म्हणून तुम्हाला काय दिसतं? जाड दगडी भिंतीत आत ढकललेली चौकट, तिच्यावर पडलेली कमानीची सावली, तावदानांमधल्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या आणि उघड्या असल्या तर बाहेर आलेल्या झडपा. रंग तर सगळ्यात शेवटी दिसतो. स्लायडिंगमध्ये यातलं काहीच राहत नाही, दोन मोठ्या काचा एकामागे एक, मध्ये जाड उभी पट्टी, आणि कमानीचं काय करतात तर बहुतेक वेळा आडवी पट्टी टाकून वरचा अर्धगोल सरळ पॅनेलने बंद करतात. वाचनालयात वरून जो उजेड पुस्तकांच्या टेबलावर पडतो तो गेला म्हणून समजा. आणि जुनी चौकट न काढता तिच्या आत नवीन फ्रेम बसवली तर चारही बाजूंनी काच आणखी लहान होते.

दुसरं म्हणजे आपलं ऊन. 23 मे 2013 ला नागपुरात 47.9 अंश नोंदलं गेलं होतं, आणि हे सावलीतलं तापमान असतं, पश्चिमेच्या भिंतीवरची फ्रेम तर त्याच्याही वर तापते. पीव्हीसी तापल्यावर लांबीत वाढतं, एका मीटरला एका अंशामागे साधारण 0.06 ते 0.08 मिलिमीटर, म्हणजे जानेवारीची पहाट आणि मे मधली तापलेली दुपार यांत 50 अंशांचा फरक धरला तर दोन मीटर उंच पट्टी 6 ते 8 मिलिमीटर हलते. सागवान लांबीत जवळपास हलतच नाही. मग या हालचालीसाठी दगड आणि फ्रेममध्ये जागा सोडायची, तिथे फोम भरायचा, वरून सिलिकॉन मारायचं, आणि काही वर्षांनी ते सिलिकॉन सुटलं की त्याच फटीतून पाणी आणि लू दोन्ही आत. युपीव्हीसी वाईटच असं मी म्हणत नाही, नवीन फ्लॅटला लोक लावतात आणि खूश असतात. पण त्याची फ्रेम बिघडली की तिचा तुकडा बदलता येत नाही, बहुतेक वेळा अख्खी खिडकी बदलावी लागते. लाकडाच्या खिडकीचा सडलेला भाग कापून तिथे नवा तुकडा बसवता येतो, म्हणून तर ती शंभर वर्षं टिकली.

आणि तुमच्या खिडक्यांचं लाकूड काय आहे ते कमिटीला सांगा. त्या काळी आपल्याकडे वापरलेला सागवान म्हणजे बहुधा चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला, ज्याला व्यापारी आजही सीपी (जुना मध्य प्रांत) टीक म्हणतात, बल्लारशाच्या डेपोत लिलावाला येतो तो. संसदेच्या नवीन इमारतीसाठी सागवान नागपूरहून गेला आणि अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी बल्लारशाहून. देश जे लाकूड आपल्याकडून घेऊन जातो ते आपल्या इमारतीत आधीच बसलेलं आहे, आणि तेही जुन्या झाडाचं, भरीव गाभ्याचं. आज त्या दर्जाचं लाकूड त्या जाडीत विकत घ्यायला गेलात तर दात्याचे पैसे अर्ध्या खिडक्यांनाही पुरणार नाहीत.

"सगळ्या सडल्या" असं जे वाटतं ना, ते तपासून बघायचं. एक चांगला सुतार घ्या, खुर्ची-टेबल करणारा नको, चौकटी-झडपा करणारा जुना माणूस हवा, आणि प्रत्येक खिडकीला नंबर द्या. मग पेचकस घेऊन चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांत, झडपेच्या खालच्या आडव्या पट्टीत आणि उंबऱ्यावर टोचत जायचं. लाकूड कडक लागलं, नुसता ओरखडा आला, तर वरून कितीही काळं दिसत असलं तरी ते चांगलं आहे. पेचकस सहज आत गेला, भुसा आला, तर तिथे खडूने खूण करायची. वाळवीची मातीची नळी दिसली तर ती कुठून वर आली ते शोधा, नाहीतर नवीन लाकूडही जाईल. बहुतेक जुन्या खिडक्यांत नास हा खालच्या वीतभर भागातच असतो, कारण पाणी तिथे थांबतं. वरचा सगळा सांगाडा, कमान, तावदानांच्या पट्ट्या ठणठणीत असतात. या पाहणीचा कागद केला की तीन गट आपोआप पडतात: नुसतं रंग-तेल लागणाऱ्या, खालचा तुकडा बदलायच्या, आणि खरंच नवीन कराव्या लागणाऱ्या. तिसऱ्या गटात किती खिडक्या निघतात ते कमिटीसमोर ठेवा, तो आकडाच बोलेल.

तुकडा बदलणं म्हणजे सडकं कोरून त्यात एम-सील नाही भरायचं. चांगलं लाकूड लागेपर्यंत कापायचं, काप तिरपा घ्यायचा म्हणजे चिकटायला जागा जास्त मिळते आणि पाणी थांबत नाही, जुन्याच सागवानाचा तुकडा रेषा जुळवून वॉटरप्रूफ ग्लूने बसवायचा आणि लाकडी खुंट्या ठोकायच्या. जुना सागवान वाडे पाडतात तिथल्या लाकडाच्या दुकानात मिळतो. कापलेल्या टोकाला रंगाच्या आधी प्रायमर नीट पाजा, पाणी टोकातूनच शिरतं. तावदानं बसवायला सिलिकॉन नको, लांबीच (म्हणजे पुट्टी) वापरा, खडूची पूड आणि जवसाचं तेल मळून केलेली, ती पुढे काच फुटली तर काढता येते. जुनी काच थोडी लहरी दिसते, त्यातून समोरचं झाड हलकंसं वाकडं दिसतं, ती फेकू देऊ नका, चांगल्या काचा काढून दर्शनी बाजूच्या खिडक्यांत एकत्र करा.

चौकटीच्या भोवती कोणीतरी कधीतरी सिमेंट थापलेलं असेल तर ते काढून चुन्याचा गिलावा करा. सिमेंट ओल धरून ठेवतं आणि चौकट मागून सडते, समोरून काही कळतच नाही. बिजागऱ्या, कड्या, खिट्ट्या पितळी असतील तर काढायच्या आधी फोटो काढा आणि मोजून ट्रस्टच्या कपाटात कुलपात ठेवा. काम संपल्यावर बऱ्याच ठिकाणी पितळ गायब होतं आणि हलक्या स्टीलच्या बिजागऱ्या लागलेल्या असतात, हे मी फार बघितलंय.

पावसाळ्यात लागत नाहीत त्या झडपांना पावसाळ्यात रंधा मारू देऊ नका, कृपा करून. लाकूड ओलीने आडवं फुगतं, ऑगस्टमध्ये घासून नेमकी बसवलेली झडप जानेवारीत बोट जाईल एवढी फट सोडते, आणि मे मधली तुमची लू त्याच फटीतून येते. दिवाळी झाली की काम काढा आणि फेब्रुवारीपर्यंत संपवा, लाकूड कोरडं असतं, रंगही नीट धरतो. उरलेल्या फटीला झडपेच्या कडेला बारीक खाच पाडून ब्रशची किंवा रबराची पट्टी बसते, बाहेरून दिसत नाही.

कूलरचा प्रश्न तुम्ही विचारला ते फार बरं केलं, कारण नागपुरात खिडकीच्या खालच्या पट्टीचा नास बघितला तर त्यात कूलरचा वाटा मोठा असतो. कूलर उंबऱ्यावर टेकवलेला असतो, चार महिने पाणी ठिबकतं, बोरच्या पाण्याचा पांढरा क्षार दगडावर चढतो आणि लाकूड कधी वाळतच नाही. कूलर जमिनीवरून उभ्या केलेल्या लोखंडी स्टँडवर ठेवा, वरच्या मजल्यावर असेल तर गच्चीत किंवा मागच्या बाजूला, समोरच्या दर्शनी भिंतीवर एकही नको. खिडकी आणि कूलरमधली जागा बंद करायला प्लायचं वेगळं पॅनेल करा जे जूनमध्ये काढून ठेवता येईल, चौकटीत खिळा मारायचा नाही. आणि इथे स्लायडिंगचा आणखी एक मुद्दा मिळतो बघा. कूलर जेवढी हवा आत फेकतो तेवढी बाहेर गेली नाही तर खोलीत नुसता दमटपणा होतो, म्हणून समोरच्या खिडक्या आणि वरचे झरोके उघडे लागतात. झडपांची खिडकी पूर्ण उघडते, स्लायडिंग अर्धीच. ज्या हॉलमध्ये कूलर चालवायचेत तिथे तुम्ही पैसे देऊन अर्धी हवा बंद करणार.

तिसऱ्या गटातल्या ज्या खिडक्या नवीन कराव्या लागतील त्या सागवानातच, जुन्या खिडकीची प्रत्येक पट्टी मोजून, त्याच रुंदी-जाडीच्या आणि त्याच गोलाईच्या करून घ्या. आधी एकच करून बसवा, कमिटीला, दात्याला, हेरिटेजवाल्यांना रस्त्यावरून दाखवा, मग बाकीच्यांची ऑर्डर द्या. दात्याचं नाव लावायचं असेल तर सभागृहात पाटी लावा, ते खुशाल करावं.

प्रश्न : ताई, धंतोलीत आमचं आजोबांनी 1940 च्या दशकात बांधलेलं घर आहे, गोलाकार बाल्कनी वगैरे. खिडक्या लोखंडी, बारीक पट्ट्यांच्या. गंजल्या, दोन काचा आपोआप तडकल्या. मुलगा म्हणतो ॲल्युमिनियम लावून टाकू. आमचं घर यादीत नाही, मग काय हरकत आहे?

उत्तर : कायद्याने हरकत काहीच नाही. पण त्या घराचं रूप त्या बारीक पट्ट्यांवर उभं आहे, धंतोली-रामदासपेठेत अशी घरं एकेक करून पडत चालली आहेत आणि उरलेल्यांची ओळख खिडक्या गेल्या की जातेच, म्हणून मी तुम्हाला थांबा असंच म्हणेन.

काच आपोआप तडकलेली नाही. लोखंड गंजलं की गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी पट जागा घेतो, काचेच्या खाचेत गंज फुगतो आणि काचेला दाबतो. म्हणजे नुसती काच बदलून उपयोग नाही, ती परत तडकेल. काच काढा, जुनी लांबी खरवडा, वायर ब्रशने चकाकी येईपर्यंत घासा, त्याच दिवशी झिंकचा प्रायमर मारा, रात्रभर उघडं ठेवलंत तर पुन्हा गंज धरतो. खालची पट्टी खाऊन गेली असेल तर तेवढीच कापून त्याच आकाराची नवीन वेल्ड करून घेता येते, फॅब्रिकेशनवाल्याला जुना तुकडा नमुना म्हणून द्या, ती झेड आकाराची असते. लांबी मात्र लोखंडी खिडकीसाठीची वेगळी मागा, लाकडासाठीची लांबी लाकूड तेल ओढून घेतं म्हणून वाळते, लोखंडावर ती नीट वाळत नाही.

एक गोष्ट मुलाला दाखवा. अशा बऱ्याच खिडक्यांची बिजागरी थोडी बाहेर काढलेली असते, झडप उघडली की चौकट आणि झडपेच्या मध्ये हात जाईल एवढी जागा सुटते, आत उभं राहून बाहेरची काच पुसता यावी म्हणून. तुमची तशी असेल तर ती सोय ॲल्युमिनियमच्या स्लायडिंगमध्ये मिळायची नाही.

प्रश्न : वर्धा रोडला आमच्या संस्थेचा जुना बंगला आहे. एका खोलीत एसी लावून ऑनलाइन लेक्चर रेकॉर्ड करायचे आहेत. गाड्यांचा आवाज फार येतो. डबल ग्लेझिंग (मध्ये हवा बंद केलेल्या दोन काचा) सांगितलंय. जुन्या खिडकीत बसेल का?

उत्तर : जुन्या झडपेतली काचेची खाच साधारण सेंटिमीटरभर, डबल ग्लेझिंगचं युनिट दोन सेंटिमीटरच्या वर जाड. बसत नाही. बसवायला गेले तर पट्ट्या कोरून टाकतील आणि वजनाने बिजागऱ्या खाली येतील.

तुम्हाला हवं आहे ते दुसरीच गोष्ट देईल. जुनी खिडकी आहे तशी ठेवा आणि खोलीच्या आतून, भिंतीच्या जाडीत, साधारण 10 सेंटिमीटर अंतर सोडून वेगळी हलकी फ्रेम बसवा, तिच्यात 6 मिलिमीटरच्या आसपास जाडीची लॅमिनेटेड काच (दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ थर चिकटवलेली). जुन्या बंगल्याच्या भिंती दीड-दोन फूट जाड असतात, जागा भरपूर मिळते. आवाज थांबवायला दोन काचांमधलं अंतर जास्त असणं फार कामाचं असतं, म्हणून ही साधी रचना आवाजाच्या बाबतीत नेहमीच्या डबल ग्लेझिंगपेक्षा सरस ठरते, आणि एसीची थंड हवाही धरून ठेवते. आतली फ्रेम उघडती ठेवा म्हणजे मधली धूळ पुसता येईल. स्क्रू दगडात किंवा चौकटीत नको, भिंतीच्या सांध्यांत घ्या, उद्या काढली तर खुणा बुजवता येतील.

पण आधी वरच्या झरोक्याकडे बघा, दोरीने उघडणारा जो असतो. दोरी तुटलेली असते, झरोका अर्धवट लटकलेला, आणि सगळा आवाज तिथून येतो. तो नीट बसवून घ्या. आणि ऊन काचेच्या आत येऊन मग थांबवण्यापेक्षा बाहेरच थांबवलेलं कधीही चांगलं, पश्चिमेला जुनी छज्जा किंवा वाळ्याच्या ताट्यांची सोय असेल तर ती परत सुरू करा, एसीचं बिल कमी येईल.

प्रश्न : इतवारीत आमचा वाडा आहे. खिडक्यांवर रंगाचे खूप थर आहेत. सुतार म्हणतो मशीनने घासून मूळ लाकूड काढून देतो. घरात दीड वर्षाचं बाळ आहे. चालेल का?

उत्तर : मशीनने कोरडं घासू नका ताई, हे अगदी स्पष्ट सांगते. आपल्याकडे घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भाग) जास्त नको हा नियम 2016 चा, लागू झाला 2017 च्या नोव्हेंबरपासून. त्याआधीच्या थरांत, विशेषतः पिवळ्या, हिरव्या, लाल ऑइल पेंटमध्ये, शिसं असण्याची शक्यता बरीच असते. मशीनने घासलं की त्याची पिठासारखी धूळ घरभर बसते, बाळ रांगतं, हात तोंडात घालतं, आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला शिसं फार वाईट. ब्लो लॅम्पने जाळूनही काढू देऊ नका, धूर तोच.

रंग घट्ट बसलेला असेल तर काढायचाच कशाला, ओल्या पॉलिश पेपरने हलकं घासून वरून नवीन रंग द्या. पोपडे निघत असतील तर झडपा बिजागरीतून काढून वाड्याच्या बाहेर, दुसऱ्या जागी न्या, पेंट रिमूव्हर लावून ओलंच खरवडायचं, खाली जाड प्लास्टिक, सुताराला साधं कापड नाही तर बारीक धूळ अडवणारा मास्क. खरवडलेलं सगळं प्लास्टिकसकट गुंडाळून पिशवीत बंद करायचं, चुलीत किंवा अंगणात जाळायचं नाही. चौकटी जागेवरच कराव्या लागतील, ते दोन-चार दिवस बाळाला घेऊन माहेरी जा किंवा शेजारी राहा, आणि परत यायच्या आधी फरशी, उंबरे, खिडकीचे कोपरे ओल्या फडक्याने दोनदा पुसून घ्या, झाडू आधी मारू नका. आधीच घासायला सुरुवात झाली असेल तर बाळाच्या डॉक्टरांना सांगा, रक्तातल्या शिशाची तपासणी करता येते.